फोटोवाल्यांचा बसलेला घसा

निवृत्त पोस्टमास्तरांनी कानांवरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि काचेतून हात वर केला. कान तपासणाऱ्या मॅडमनी बूथचं जाड दार उघडलं. पोस्टमास्तर हळू आवाजात म्हणाले, "आत एक बाई आहे."

"आत तुम्ही एकटेच आहात," मॅडम म्हणाल्या.

"तेच तर सांगतोय. मी एकटा आहे आणि एक बाई आहे. कंटाळलेली वाटते. मघाशी म्हणाली, ह्यांच्या घरचे ह्यांना कसे सहन करत असतील."

मॅडमनी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. पूर्ण शांततेची कानांना सवय नसते. मग मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच मनातल्या काळजीचे असतात. पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "पण माझ्या घरी सहन करायला कोणी नाही. मी एकटा राहतो." पुढची तपासणी पुन्हा कधीतरी करू, असं सांगून त्यांनी चपला घातल्या आणि ते गेले.

मॅडमचं श्रवण तपासणी केंद्र घराच्याच तळमजल्यावर होतं. आतल्या खोलीत आवाजबंद बूथ, बूथच्या बाहेर टेबलावर यंत्र. माणसाने बूथमध्ये बसायचं, बारीकसा स्वर ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. मग यंत्रावरचा लहान दिवा लागतो. आतला माणूस काही बोलला तर ते यंत्राच्या स्पीकरमधून बाहेर ऐकू येतं. बूथमध्ये गालिचा असल्यामुळे चपला दाराबाहेर काढायच्या. हा नियम मॅडमचा होता आणि तो त्या स्वतःही पाळत.

ही खोली पूर्वी सासऱ्यांची होती. ते फोटोग्राफर होते, सगळे त्यांना फोटोवाले म्हणत. खोलीला खिडकी नव्हती, कारण तिथे ते फिल्म धूत. एका दुपारी तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. खिडकी नसलेली खोली बूथसाठी उत्तम, एवढाच विचार मॅडमनी केला होता. बाकीचा विचार बाहेर नावनोंदणीला बसणाऱ्या ताईंनी केला. ताईंनी तो वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगितला. मॅडमनी त्यांना बोलावून खडसावलं, तर ताई शांतपणे म्हणाल्या, "मी भूत कुठे म्हणते? मी फोटोवाले म्हणते."

"लोकांना बाईचा आवाज येतो."

"त्यांचा आवाज बारीकच होता, मॅडम."

तक्रारी वाढत गेल्या. एका आजींना कोणीतरी उसासे टाकताना ऐकू आलं. एका शिक्षकाला "उरका आता" असं सांगण्यात आलं. तो इतका घाबरला की तपासणी अर्धवट टाकून खरोखरच उरकून निघून गेला. मॅडमनी ताईंना परत एकदा झापलं. शिकलेल्या माणसांनी असल्या गोष्टी पसरवणं ही लाजिरवाणी बाब आहे, असं त्या म्हणाल्या. लाजिरवाणी हा शब्द त्यांनी जरा जोर देऊनच उच्चारला होता.

घरात आणखी एक प्रश्न होता, तो सासूबाईंचा. वर्षभरापासून सासूबाईंना ऐकू येत नव्हतं. हे निदान मॅडमनी स्वयंपाकघरात केलं होतं. त्यांनी पाठमोऱ्या सासूबाईंना दोन-तीनदा हाक मारली, सासूबाईंनी वळून पाहिलं नाही. तपासणीला त्या नको म्हणाल्या आणि मॅडमनीही आग्रह केला नाही. रोज इतके कान तपासल्यावर एवढं तर कळतंच. तेव्हापासून घरातले सगळे सासूबाईंशी मोठ्याने आणि सावकाश बोलत आणि एकमेकांशी त्यांच्या देखत काहीही बोलत.

केंद्राला आणखी एक खोली हवी होती. मागची सासूबाईंची खोली सोयीची होती. सासूबाईंना थोरल्या दिरांकडे पाठवायचं, हे मॅडमनी आणि त्यांच्या नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर ठरवलं. सासूबाई शेजारीच बसून जेवत होत्या. आईला विचारायला नको का, असं नवरा म्हणाला.

"सांगू नंतर," मॅडम म्हणाल्या. "त्यांना सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं, मग शेजाऱ्यांना कळतं."

सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. नवऱ्याने तो भरून दिला.

पोस्टमास्तर निघून गेले त्याच दिवशी मॅडमनी प्रयोग करायचं ठरवलं. दुपारी केंद्र बंद असतं, ताई जेवायला घरी जातात, सासूबाई झोपतात. मॅडमनी यंत्र सकाळी होतं तसंच चालू ठेवलं. दाराशी चपला काढल्या, आत जाऊन दार लावलं, दिवा मालवला, हेडफोन चढवला आणि सवयीने बटण हातात घेतलं.

सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे सगळं झालं. आधी श्वास, मग कानातल्या रक्ताची धडधड, मग गिळलेल्या आवंढ्याचा आवाज. प्रत्येकाचं कारण मॅडमना माहीत होतं. मग खुर्ची करकरली. बूथमध्ये करकरणारी खुर्ची नव्हती. नंतर उसासा ऐकू आला. मॅडमचा नव्हता. त्यांनी तर श्वास रोखून धरला होता.

"अहो," कानात अगदी जवळून आवाज आला, "ऐकताय ना?"

मॅडमच्या अंगठ्याने बटण दाबलं. त्यांनी दाबलं नाही, अंगठ्याने दाबलं. ऐकू आलं की दाबायचं, हे त्या इतकी वर्षं लोकांना सांगत होत्या, ते अंगठ्याने मनावर घेतलं होतं.

"दिवा लागला," आवाज म्हणाला. "म्हणजे आहात."

शास्त्र शिकलेल्या माणसाने अशा वेळी हेडफोन काढून बाहेर यावं. मॅडमनी उलट तो कानांवर घट्ट दाबला. आपण उत्तर दिलं नाही तर काहीतरी वाईट होईल, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल त्याच क्षणी लाजही वाटली. तोंडातून फक्त कुजबुजल्यासारखं "हो" निघालं.

खुर्ची पुन्हा करकरली.

"घसा बसलाय का तुमचा?" आवाजाने विचारलं. "गुळण्या करायचा कंटाळा तुम्हाला पहिल्यापासूनच."

गुळण्यांबद्दल एवढ्या ठामपणे बोलणारी व्यक्ती मॅडमच्या ओळखीची होती. बाहेर यंत्रापुढच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. फोटोवाल्यांची खुर्ची तिथेच असायची. आता मॅडमना सकाळची चिकटपट्टी आठवली. बाहेरून बूथमधल्या माणसाशी बोलायचं तर यंत्रावरचं एक बटण दाबून धरावं लागतं. मॅडमचा अंगठा दुखायचा, म्हणून त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवत. स्वर वाजू लागला की बाहेरचं बोलणं आपोआप तुटतं, अशी त्यांची खात्री होती. ते नव्या यंत्रांचं वैशिष्ट्य होतं. त्यांचं यंत्र जुनं होतं.

म्हणजे लोकांना ऐकू आलेले उसासे मॅडमचेच होते. "उरका आता" त्याच पुटपुटल्या होत्या. आणि पोस्टमास्तरांना त्यांनी मेंदूबद्दल भाषण दिलं होतं. अंधारात, एकट्या असूनही, मॅडमचे कान तापले.

खरं तर हाच क्षण दार उघडून बाहेर यायचा होता. पण बाहेर सासूबाई बोलतच होत्या.

"थोरल्याकडे पाठवतायत मला. खोली हवीय त्यांना. मला कोणी सांगितलं नाही, पण माझ्यासमोरच तर ठरवलं. थोरला चांगला आहे हो. पण तिथे ही खोली नाही. मग मी दुपारी कुणाशी बोलू?"

मॅडमनी बटण घट्ट धरलं. त्या दिवशी सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला होता, तो त्यांना आठवला. बाहेर गेलं तर सासूबाईंच्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागणार होतं. गप्प राहिलं तर फोटोवाले गप्प राहिले असं होणार होतं. दोन्ही शक्य वाटेनात.

"जाऊ का मी?" सासूबाईंनी विचारलं.

"नको," मॅडम कुजबुजल्या.

"मग तुमच्या सुनेला सांगा."

"सांगतो," मॅडम म्हणाल्या. हे पूर्ण शुद्धीवर असताना आपण म्हणालो, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस मान्य करता आलं नाही.

खुर्ची करकरली. पुढे काही ऐकू आलं नाही. मॅडम मात्र ताई परत येईपर्यंत आतच बसून राहिल्या.

ताईंनी दिवा लावला. मॅडमचा चेहरा पाहून त्यांनी हळूच विचारलं, "भेटले?" मॅडमनी नाही म्हणून मान हलवली, यंत्रावरची चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि पोस्टमास्तरांना फोन लावला. क्षमा मागताना त्या तीनदा अडखळल्या. पोस्टमास्तर ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, की आपण एकटं का राहतो ह्याचा आज सकाळपासून विचार करतोय, आणि त्या बाईचं फारसं चुकलं नसावं.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने थोरल्या भावाला कधी कळवायचं, असं विचारलं. मॅडमनी कळवायचं नाही असं सांगितलं. खोली राहू दे, केंद्र आहे तेवढंच पुरे. का, असं नवऱ्याने विचारल्यावर त्या ताटात बघत म्हणाल्या की नीट विचार केला. मग सासूबाईंकडे वळून, शब्द सुटे सुटे करत, मोठ्याने म्हणाल्या, "आई, तुम्ही कुठेही जायचं नाही."

"ओरडू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांना कळेल."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "आई, तुला ऐकू येतं?"

"यायला काय झालं? त्या दिवशी मला वळून बघायचा कंटाळा आला होता. तुम्ही म्हणालात ऐकू येत नाही. म्हटलं, तपासणारी माणसं आहेत, त्यांना माहीत असेल." त्यांनी शांतपणे एक घास खाल्ला. "आणि सूनबाई, बूथमध्ये बसलीस की चपला आत घेत जा. दाराशी दिसतात."

मॅडमनी ताटातली भाजी एका बाजूला सारली.

"तुझे सासरे एवढ्या पटकन नको म्हणाले नसते मला," सासूबाई पुढे म्हणाल्या. "तुला वाटेल ते कर, म्हणाले असते. पण तू बरं बोललीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई जेवायला गेल्यावर मॅडमनी नवी चिकटपट्टी कापून बटणावर लावली. बूथच्या दाराशी चपला काढल्या. क्षणभर त्या हातात घेतल्या, मग पुन्हा बाहेरच, जोडीने, नीट ठेवल्या. आत बसून दिवा मालवला आणि हेडफोन चढवला.

थोड्या वेळाने खुर्ची करकरली.

"अहो, ऐकताय ना?" सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई कालपासून मान खाली घालून वावरतेय. तिला म्हणावं, पुरे आता."