चौथ्या करकोच्याचं डोकं

"याला डोकं आहे," मुस्यू पर्दिगों म्हणाला. डॉक्टरने घरच्यांना बाजूला घेऊन काही सांगावं, तसा त्याचा आवाज होता.

बत्तूलने टेबलावर पसरलेल्या आपल्या गालिच्याकडे पाहिलं. चार कोपऱ्यांत चार करकोचे उभे होते आणि चौघांनाही डोकी होती. मग तिने दुभाषी सी दरीसकडे पाहिलं.

"बरोबर तेच म्हणतायत, मालमा," सी दरीस म्हणाला. "चौथ्याला डोकं आहे."

"असणारच. मीच विणलंय."

"असायला नको होतं."

"डोकं?"

"डोकं."

फ्रेंचांनी मोरोक्को सांभाळायला घेतल्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि सांभाळता सांभाळता ते गालिच्यांपर्यंत पोचले होते. रबातला 'देशी उद्योग उत्तेजन व नियमन कचेरी' निघाली होती, आणि मुस्यू पर्दिगों तिथला तपासनीस होता. सकाळी उत्तेजन, दुपारी नियमन. बत्तूल नदीपलीकडच्या सला गावची. मागावरच्या मुख्य बाईला तिथे मालमा म्हणत, आणि बत्तूल गेली पंचवीस वर्षं मालमा होती. तिचा नवरा सी अल्लाल त्याच नदीवर नाव चालवायचा. पण तो सगळ्या उतारूंना पोचवून झाल्यावर शेवटच्या खेपेला बायकोला घ्यायचा, त्यामुळे ती कचेरीत पोचेपर्यंत उत्तेजन नेहमी संपलेलं असे.

नियम सोपा होता. कचेरीच्या एका जाडजूड पुस्तकात अस्सल जुन्या गालिच्यांची रंगीत चित्रं होती. नवा गालिचा त्यांतल्या एकाशी जुळला, की त्याच्या मागे शिशाचा शिक्का बसे, आणि शिक्का बसलेलाच गालिचा बोटीवर चढे. नाही जुळला तर नापास. तीनदा नापास झालेल्या मालमेचं नाव यादीतून काढायचं, तिच्या मागाला सील ठोकायचं आणि तिच्या हाताखालच्या मुली सरकारी विणशाळेत पाठवायच्या. तिथे लियाँहून आलेली एक बाई त्यांना मोरोक्कोचे गालिचे शिकवत असे. बत्तूल आज दुसऱ्यांदा नापास होत होती. पहिल्या वेळी कारण कळवलंच नव्हतं. कारणं कळवणारा कारकून त्या आठवड्यात उत्तेजनाकडे होता.

"ते पुस्तक तरी बघू दे मला," बत्तूल म्हणाली. "कुठल्या मुडद्यानं मुंडकं उडवलंय ते कळू दे."

सी दरीसने यातलं पहिलंच वाक्य फ्रेंचमध्ये सांगितलं. मुस्यूने कौतुकाने चित्र क्रमांक सतरा उघडलं. बत्तूलने वाकून पाहिलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

लाल जमीन, निळा काठ, कोपऱ्यांत करकोचे. तीन करकोचे चांगले होते. चौथ्याच्या मानेवर डोक्याच्या जागी एक हिरवा गोळा होता.

तो गोळा तिचाच होता. सत्तावीस वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या लग्नासाठी अकरा महिने खपून हा गालिचा विणला होता. लग्नाला आठ दिवस उरले असताना शेळीने त्याचा कोपरा खाल्ला. घरातली लाल, निळी लोकर संपलेली, उरली होती फक्त तक्क्याची हिरवी. तिने रडत रडत भोक बुजवलं. लग्नाच्या दिवशी सासूने गालिचा पाहून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हा काय, कांदा?" बत्तूलने दुसऱ्याच दिवशी तो नणंदेला भेट देऊन टाकला, आणि नणंदेने आठवड्याच्या आत फेस शहराच्या बाजारात विकून टाकला.

"हे शेळीनं खाल्लंय!" बत्तूल ओरडली. "हा माझा गालिचा आहे! सी दरीस, सांग त्याला. शेळी!"

सी दरीसने सांगितलं. मुस्यू प्रेमाने हसला आणि बराच वेळ बोलला. बोलताना त्याने दोनदा खिडकीतून समुद्राकडे हात केला.

"काय म्हणाला?"

"म्हणतात, हा हिरवा चंद्र आहे. कार्थेजच्या काळात चंद्राची पूजा व्हायची, तिची खूण. शिरहीन पक्षी म्हणजे आत्मा. यावर साहेबांनी चाळीस पानं लिहिलीत."

"अरे, तक्क्याची लोकर आहे ती!"

"आणि म्हणतात, कारागिरांना आपल्या कलेचा अर्थ माहीत नसतो. माहीत असला तर ती अस्सल राहत नाही."

तिसरी आणि शेवटची तपासणी कारागिराच्या घरी, नैसर्गिक उजेडात व्हायची. पुढच्या गुरुवारचा दिवस ठरला.

घरी येऊन बत्तूलने कात्री घेतली. चौथ्या करकोच्याचं डोकं एकेक गाठ करत उसवायला एक दिवस गेला, आणि त्या जागी मुद्दाम वाईट गोळा भरायला तीन. चांगलं विणायची सवय लागलेल्या हाताला वाईट विणणं जमेना. गोळा पुनःपुन्हा गोल आणि सुबक व्हायचा. चित्रातला वेडावाकडा होता. हाताखालच्या पाचही मुली मागाशी बसून तोंडावर हात दाबत होत्या.

"हसा," बत्तूल म्हणाली. "तुम्हालाही हेच शिकायचंय आता. आधी पक्षी विणायचा, मग त्याची मान कापायची."

समोरच्या घरातली मालमा हद्दूम चौकशीला आली. हिला नियम कसे कोण जाणे आधीच कळत, आणि तिचे दोन बिनडोक्याचे गालिचे तपासणीला तयार होते. "मी तर आता सवयीनं काढते बाई तो गोळा," ती म्हणाली. "छान दिसतो. काहीतरी खोल अर्थ आहे म्हणे."

"आहे ना. खोल पोटात गेला होता."

संध्याकाळी सी अल्लालने नवा गोळा निरखून पाहिला. "आईला दाखवायला हवा होता," तो म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण उशिरा मिळालं.

गुरुवारी मुस्यू पर्दिगों पुस्तक छातीशी धरून नावेतून उतरला. पुदिन्याचा चहा झाला, बदामाच्या करंज्या झाल्या. मुस्यूने सहा खाल्ल्या आणि सातवीबद्दल उत्तेजनपर चार शब्द बोलला. मग सगळे नैसर्गिक उजेडासाठी गच्चीवर गेले. मुलींनी गालिचा पसरला. मुस्यूने पुस्तक तिपाईवर उघडं ठेवलं, भिंग काढलं आणि गुडघ्यांवर बसून पहिल्या करकोच्यापासून तपासायला सुरुवात केली.

गच्चीवर मबरूकाही होती. ही त्या जुन्या शेळीची पणती. पुस्तकातली चित्रं जाड पुठ्ठ्यावर कणकेच्या खळीने चिकटवलेली होती. मबरूकाने वास घेतला, मान लांब केली, आणि मुस्यू तिसऱ्या करकोच्याची बोटं मोजत असताना चित्र क्रमांक सतराचा कोपरा शांतपणे तोडून घेतला. उजवीकडचा खालचा.

"चौथा," मुस्यू म्हणाला आणि पुस्तकाकडे वळला.

यानंतर तो जे बोलला त्याचा अनुवाद करायला सी दरीसने नकार दिला.

मुस्यू गच्चीवर दोन चकरा मारून आला. मग कठड्याला टेकला आणि एकदम लहान मुलासारखा दिसू लागला. सी दरीस हळूच सांगू लागला, "मालमा, मूळ गालिचा पॅरिसला आहे. रंगीत चित्र हे एकच. शनिवारी मोठे साहेब पुस्तक तपासायला येतायत. यांची नोकरी जाते की काय, कोण जाणे."

"वाईट झालं," बत्तूल म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. त्याने करंज्या मनापासून खाल्ल्या होत्या.

"साहेब विचारतायत, तुम्हाला तो कोपरा आठवतो का? काढून देता येईल का?"

"मला आठवतो का!" बत्तूल म्हणाली. "सत्तावीस वर्षं विसरायचा प्रयत्न करतेय."

तिच्यापुढे कागद आणि रंगीत पेन्सिली आल्या. मुली कोंडाळं करून उभ्या राहिल्या. बत्तूलने मान काढली. मग हिरवी पेन्सिल उचलली. एक गोळा काढायचा, की काम फत्ते. गालिचा जुळेल, शिक्का बसेल, नाव यादीत राहील, मुली घरात राहतील. पुढे शंभर वर्षं सलामधल्या पोरी त्या शेळीचा घास मन लावून विणतील आणि कुणीतरी त्याच्यावर पानंच्या पानं लिहील. तिने मुलींकडे पाहिलं. सगळ्यात धाकटी कात्री हातात घेऊन तयारच उभी होती.

बत्तूलने हिरवी पेन्सिल खाली ठेवली, काळी उचलली आणि डोकं काढलं. चांगलं, टोकदार चोचीचं. हात लागलाच आहे तर चोचीत एक बेडूकही दिला.

मुस्यूने कोपरा चिकटवला आणि लांब श्वास सोडला. भिंग पुसलं, पुन्हा गुडघ्यांवर बसला, चित्राकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं.

"याला डोकं नाही," तो म्हणाला.



"सी दरीस," बत्तूल म्हणाली, "त्याला म्हणावं, घटकाभरापूर्वी चित्रातल्यालाही नव्हतं."

सी दरीस बोलला, मुस्यू बोलला. "साहेब म्हणतात, घटकाभरापूर्वी नव्हतं असं म्हटलं, तर मधल्या काळात काय झालं तेही सांगावं लागेल. आणि मधल्या काळात काहीच झालेलं नाही. त्यामुळे डोकं आधीपासूनच होतं."

"आणि ती चाळीस पानं?"

मुस्यूने हा प्रश्न अनुवादाशिवायच ओळखला आणि समुद्राकडे पाहिलं. "चोचीतला बेडूक," सी दरीसने थोड्या वेळाने कळवलं, "हाही चंद्राशी जोडता येईल म्हणतात."

पण गालिचा जुळत नव्हता, आणि नियम म्हणजे नियम. मुस्यूने जड हाताने 'नापास'चा कागद काढला. तो निर्दय नव्हता. लिहिता लिहिता त्याने दोनदा नाक शिंकरलं. बत्तूल मटकन खाली बसली. आपल्याच हाताने डोकं कापायचं, आपल्याच हाताने चित्रात काढायचं आणि दोन्ही वेळा आपणच चुकायचं, हे तिला एकटीला कधी जमलं नसतं. त्यासाठी कचेरीच हवी होती.

"एक मिनिट," सी दरीस म्हणाला. दहा वर्षं नियमांचा अनुवाद करून तो थोडा वाकला होता, पण सगळे नियम त्याला पाठ होते. "कलम एकतीस. कसर, उंदीर किंवा पाळीव जनावर यांनी नुकसान केल्यामुळे झालेली दुरुस्ती तपासणीत धरू नये. फक्त जनावर अधिकाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं."

सगळ्यांनी मबरूकाकडे पाहिलं. तिच्या तोंडातून निळ्या काठाचा तुकडा अजून लोंबत होता. तिनेही सगळ्यांकडे पाहिलं, आणि तो गिळला.

"जनावर पाहिलंत?" सी दरीसने विचारलं.

"पाहिलं," मुस्यू म्हणाला.

"खाताना?"

"खाताना," मुस्यू म्हणाला.

त्याने नापासाचा कागद फाडला, दुसरा घेतला आणि रकान्यात लिहिलं: 'शेळीने खाल्ले.' काय खाल्ले, हे लिहायला रकान्यात जागा नव्हती. शिक्का ठोकला गेला. जिन्यावरून उतरताना मुस्यू थांबला आणि सी दरीसमार्फत म्हणाला, "मादाम, तुम्ही त्या दिवशी कचेरीतच शेळी, शेळी म्हणत होता. कागद आणला असतात तर मी तेव्हाच ऐकलं असतं."

आठवड्याभराने सलामधल्या प्रत्येक मालमेच्या घरी छापील परिपत्रक आलं. चित्र सतरामधल्या चौथ्या करकोच्याला डोकं, चोच आणि बेडूक पाहिजे. दुपारी हद्दूम आपले दोन बिनडोक्याचे गालिचे डोक्यावर घेऊन बत्तूलच्या दारात उभी राहिली. एका हातात परिपत्रक होतं.

"अगं बत्तूल, शेजारधर्म म्हणून आलेय. तुझी शेळी दे ना जरा."

"कशाला? तुला तर छान दिसत होता तो गोळा."

"टोमणे नंतर मार. सोमवारी तपासणी आहे. साहेबासमोर हिनं नुसतं तोंड लावलं तरी पुरे."

दोघींनी गच्चीवर जाऊन गालिचा मबरूकापुढे धरला. मबरूकाने लोकर हुंगली आणि तोंड फिरवलं. हद्दूमने कोपऱ्याला मध लावला. मबरूकाने मध चाटला, लोकर ठेवली.

"हिला झालंय काय?"

"सरकारी कागदाची चटक लागलीय," बत्तूल म्हणाली. "आता साधं काही उतरत नाही घशाखाली."

हे ऐकून हद्दूम कपाळाला हात लावायला गेली. हातात परिपत्रक होतं. ते कपाळापर्यंत पोचलंच नाही, मबरूकाने वाटेतच घेतलं.

"मेले!" हद्दूम किंचाळली. "अगं, नियम खाल्ला हिनं!"

बत्तूल काही क्षण शेळीकडे बघत राहिली. कचेरीत सहा महिने खेटे घालून तिच्या डोक्यात जे शिरलं होतं, ते आता पहिल्यांदा उपयोगी पडत होतं.

"हद्दूम, तुला परिपत्रक मिळालं?"

"मिळालं की. आत्ता तर—"

"दाखव बरं."

हद्दूमने रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग शेळीकडे पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "मला काही मिळालंच नाही. माझ्याकडे आपला जुनाच नियम."

संध्याकाळपर्यंत बत्तूलच्या जिन्यावर रांग लागली होती. प्रत्येकीच्या हातात एकेक कागद होता, आणि कागद नेमका खळीचा आहे की नाही, हे जी ती हुंगून बघत होती. सोमवारी कचेरीच्या दप्तरात नोंद झाली, की सला गावात परिपत्रक एकाही मालमेला पोचलं नाही, सबब तोवर जुनाच नियम चालवावा आणि टपाल खात्याची चौकशी व्हावी. चौकशीचा कागद बुधवारी सी अल्लालच्या नावेतून आला. मबरूका धक्क्यावरच उभी होती.