सूनबाईची मांडणी

"आई, निवड करणाऱ्या बाई आल्यात खाली. त्यांना घेऊन येते. तेवढं मांडणीकडे बघाल?" एवढं बोलून सूनबाई पळालीसुद्धा.

सासूबाई दालनात एकट्या उरल्या. सुनेचं पहिलंच प्रदर्शन. बाईंना काम पसंत पडलं तर हे दालन तिचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

भांडी, तारा, दिवे, आवाज या सगळ्यांची मिळून केलेली कलाकृती, ती सूनबाईच्या भाषेत मांडणी. सासूबाईंच्या लेखी मांडणी म्हणजे भांड्यांची फळी. आणि तिची ही दशा! पातेली आडवी, डबे उघडे, झाकणं जमिनीवर, वर प्रत्येक भांड्यातून कुणीतरी बोलतंय. कुणाचं कुणाला कळेल तर शपथ!

"घाईत आवरायचं राहिलं बिचारीचं," म्हणत त्यांनी कंबर कसली. पातेली उतरत्या क्रमाने लागली, तारा मागे गेल्या, ज्याचं त्याला झाकण बसलं. दालन चिडीचूप.

बाईंना घेऊन आलेली सूनबाई दारातच थिजली. "आई! हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस ना, मांडणीकडे बघा म्हणून?"

"बघा म्हणजे नुसतं बघा हो!"

बाईंनी एक झाकण उचललं. "अगं, दूध उतू चाललंय!" झाकण ठेवलं, आवाज गप्प. दुसरं उचललं. "जेवायच्या आधी कोण खातंय रे?" बाई खुदकन हसल्या.

"तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत नुसता गलका होता. आता एकेकाचं ऐकू येतंय. झाकणं राहू द्या. दालन तुमचं."

सूनबाईचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच बाईंनी मोठ्या पातेल्याला हात घातला. आतून खणखणीत आवाज आला, "हिच्या हाताला चव म्हणून नाही बघ!"

आवाज सासूबाईंचा होता.

"हे कधी गं टेप केलंस?" त्या कानकोंड्या झाल्या.

"तुम्ही मावशींशी फोनवर बोलत होतात तेव्हा."

"राग आला असेल."

"आला की! म्हणून तर सगळ्यांत मोठं पातेलं दिलं तुम्हाला."

सासूबाई पातेल्यात वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता छान करते हो ती."

"आई, त्यात रेकॉर्ड होत नाही काही."

"मग लोकांना कळायचं कसं?"

प्रदर्शन संपेपर्यंत त्या रोज पातेल्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. कुणी झाकण उचललं की आतून तक्रार यायची आणि बाहेरून लगेच खुलासा, "ते जुनं आहे हं. आता छान करते." लोकांना तोही कलाकृतीचाच भाग वाटायचा, ते टाळ्या वाजवायचे. सुनेच्या स्वयंपाकाचं एवढं कौतुक होताना पाहून सासूबाईंना अगदी भरून यायचं.