स्लाइडकाकांचा लाकडी आंबा

स्लाइडकाकांकडे आंबा खायचा तर मी आधी नखानं टोचून बघते. त्यांच्या परडीत चार आंबे खरे असतात आणि एक निर्मल गावच्या कारागिरांनी केलेला, लाकडाचा, हुबेहूब रंगवलेला. आमच्या जावयांनी पहिल्याच भेटीत नेमका तोच चावला. ते गाल धरून बसले आणि काका खूश. "पाह्यलं? नुसतं डोयानं कळत नाई जी, तपासा लागते!"

मावला गावात काकांची नि आमची भिंतीला भिंत आहे. काका जन्मभर लॅब टेक्निशियन होते. उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या पोटातलं काचेच्या स्लाइडवर पसरून बघण्यात गेली. निवृत्त झाले, पण विषय सुटला नाही. पंगतीत वरण वाढलं जात असतानाच सुरू होणार: "अमिबा दोन परकारचे. दिसाले जुळे भाऊ. एक आतडं पोखरते, दुसरा बिचारा भाडेकरूवानी राह्यते." त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहतं, हे वेगळं सांगायला नको. मीही लांबच बसते.

मी मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन. बेला गावच्या लक्ष्मीबाई आमच्या स्वयंपाकीण. मागंपुढं कोणी नाही, राहणं-जेवणं तिथंच. यंदा स्वयंपाकघरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि त्यांच्या रिपोर्टात अमिबा निघाला. गोळ्या झाल्या, तरी पुन्हा निघाला. बाईंचं पोट कधी दुखलेलं नाही, पण कमिटीचं मत पडलं, काढून टाका. सही माझी हवी होती आणि मी पेनाचं टोपण काढलंही होतं. शिकलेली बाई ना मी!

काकांना कळलं तसे ते थेट ऑफिसात आले.

"सही काऊन करून राह्यल्या, बाई? कोणता अमिबा, ते लिहिलं काय?"

"काका, अमिबा तो अमिबा."

"मंग आंबा तो आंबा. इचारा जावयाले!"

सूक्ष्मदर्शकाखाली ते दोघे ओळखू येत नाहीत, जनुकं तपासावी लागतात आणि ती सोय हैदराबादला आहे, असं त्यांनी मला ऐकवलं. मग स्वतःच लक्ष्मीबाईंच्या शौचाचा नमुना बर्फाच्या डब्यात घातला आणि डबा मांडीवर घेऊन रेल्वेत बसले. शेजारच्यानं विचारलं, "अंदर क्या है चाचा, कुल्फी?" काकांनी खरं ते सांगितलं. पुढे हैदराबादपर्यंत अख्खा बाक त्यांना मिळाला.

काही दिवसांनी निकाल आला. भाडेकरू! मी कमिटीचा कागद फाडला. काकांनी मात्र सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले, मलासुद्धा. मग ताट घेऊन शेगडीपाशीच बसले. "लक्ष्मीबाई, पयली भाकर मले."

दोन घास खाल्ले आणि थांबले.

"माया मायचा रिपोर्ट म्याच लिहिला होता, बाई. नवीन नोकरी, लय शायना होतो. गोया देल्ल्या, तरी दिसे. घरात लेकरं होते, म्हून म्याच तिले चुलीपासून उठवलं. मरेपावतर तिनं पिठाले हात नाई लावला."

"तिचा कोणता होता?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"तवा कुठं होती ही तपासणी? आन् आता कोणाचं तपासू?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही ज्याला हसलो ते हे होतं.

लक्ष्मीबाईंनी पाठमोऱ्याच विचारलं, "कशी करे जी तुमची माय भाकर?"

"जाड. काठाले करपलेली."

लक्ष्मीबाईंनी पुढचा गोळा जाड थापला आणि काठ करपेपर्यंत भाकरी तव्यावरून काढली नाही. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ती भाकरी खाल्ली.