तुकडा दाखवा, खडू न्या

शिपाईमामांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी सरकारी तिजोरीत खडखडाट झाला. लग्नाचे पाहुणे परत जायच्या आत शाळेत हुकूम आला. खर्च चौथ्या हिश्शाने कमी करा, नाहीतर शिपायाची जागा बंद.

मामांना वाचता येत नव्हतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हुकूम त्यांना वाचून दाखवला.

"आता हो बाई? धाकटी अजून लग्नाची आहे."

"कुठेतरी कात्री लावली पाहिजे, मामा. वीज आपल्याकडे नाहीच. बाकं मोडून झाली. राहिला खडू."

"मग खडू माझ्या हवाली करा."

दुसऱ्या दिवसापासून मामा कपाटाची किल्ली कमरेला लावून दारात बसले. उरलेला तुकडा जमा केल्याशिवाय नवा खडू नाही. तुकडा नखापेक्षा मोठा असला तर आल्या पावली परत. गणिताच्या सरांनी एका तुकड्याचे दोन करून आणले. मामांनी दोन्ही एकमेकांना लावून पाहिले.

"सर, हे जुळे भाऊ दिसतात."

"अहो, चिमटीत धरता येत नाही. बोटं सोलवटली माझी."

"बोटाची कातडी भरून येते सर. खडू भरून येत नाही."

पुढे मामांच्या लक्षात आलं की खरी उधळपट्टी पुसण्यात आहे. पुसायचं म्हणजे सरकारी खडू हवेत उडवायचा. त्यांनी डस्टरही कुलपात घातलं. सगळा फळा भरल्याशिवाय पुसायचा नाही. मग इतिहासाच्या बाईंच्या राजाला खेटून गणिताच्या सरांची पाण्याची टाकी आली, आणि एका मुलीने परीक्षेत लिहिलं की राजाने सात वर्षं राज्य केलं व तो दोन नळांनी चार तासांत भरला.

"मामा, तुमच्यापायी तिला अर्धा गुण द्यावा लागला," बाई म्हणाल्या.

"अर्धा तरी कशाला?"

"राजा बरोबर होता."

वर्षअखेर तपासणीला साहेब आले. खडूची न उघडलेली सात खोकी पाहून खूश झाले.

"म्हणजे या शाळेला खडू लागतच नाही," ते म्हणाले. "पुढल्या वर्षापासून खडू बंद. ही खोकी मी दुसऱ्या शाळेला देतो. आणि खडूच नाही तर तो सांभाळणारा कशाला?"

मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मामा आत गेले आणि तेलाचे तीन रिकामे डबे एकेक करून घेऊन आले. रिकामे कसले, वर्षभर जमा केलेल्या तुकड्यांनी काठोकाठ भरलेले.

"हे काय?"

"सरकारी माल, साहेब. फेकायचा कसा?"

साहेबांनी चष्मा पुसला. सरकारी माल नष्ट करायला पाच जणांची समिती लागे, आणि समित्यांचा प्रवासखर्च त्या वर्षी काटकसरीतच बंद झाला होता. माल नष्ट करता येईना, बेवारस सोडता येईना. शेवटी त्यांनी शेरा मारला: तुकडे संपेपर्यंत शिपायाची जागा चालू ठेवावी.

मोठ्या बाईंनी तो शेरा मामांसमोर सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवला. तीन डबे, आठ फळे. मामांनी मनातल्या मनात हिशेब केला, फार तर सहा महिने.

सहा महिने झाले. वर्ष झालं. तुकडे संपेनात. सकाळी मामा वर्गावर्गात वाटीभर तुकडे देत, संध्याकाळी वाटी शीग लावून परत येई. एकदा गणिताच्या सरांच्या खिशातून बाजारातल्या खडूची पुडी खाली पडली.

"सर, तुमचं काहीतरी पडलं."

"तपकीर आहे ती, मामा."

"पांढरी तपकीर चांगली असते," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

धाकटीचं लग्न झालं. मामा वयोमानाने निवृत्त झाले, तेव्हा डबे पाच होते.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी मोठ्या बाई देवाघरी गेल्या. थोरलीची मुलगी शिक्षिका झाली, त्या वर्षीच्या थंडीत शिपाईमामा वारले.