सासूबाईंचा तिरका सुळा

जावयाने सासूबाईंचे दात इंटरनेटवर टाकले तेव्हा शुक्रवारी दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ त्याला नक्की ठाऊक आहे, कारण असल्या गोष्टी तो वहीत लिहून ठेवतो.

धंद्याने तो कवळ्या बनवणारा. दोन खोल्यांची प्रयोगशाळा. एका खोलीत प्लास्टरचे जबडे फळीवर रांगेने आ वासून बसलेले, दुसरीत पॉलिशचं यंत्र. दंतवैद्य माप घेऊन पाठवतात, हा साचा काढतो, मेणात दात बसवतो, आणि काही दिवसांनी कुणीतरी पुन्हा नीट चावायला लागतं. या कामात एक दुःख आहे. कवळी बिघडली की सगळ्यांना दिसते. जमली की कुणालाच दिसत नाही. म्हणून त्याने आपल्या कामाचं एक पान उघडलं होतं. त्र्याऐंशी लोक त्याला जोडलेले होते. कोणत्या वारी, किती वाजता फोटो टाकला तर किती अंगठे मिळतात, याचा तो आलेख काढायचा. आलेख अकरावर आडवा झोपला होता. त्या अकरांत एक बायको, एक मेण विकणारा आणि एक असा, जो दिसेल त्याला अंगठा देत सुटला असावा.

आणि त्याचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम चार महिने फोनमध्ये तोंड मिटून पडलं होतं.

सासूबाई म्हणजे उच्चाराच्या बाई. निवृत्तीनंतरही दर शनिवारी त्या घरी मुलांना वाचन आणि भाषण शिकवायच्या. चाळीस वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांना बाईंचं हसू पाठ होतं. डावा सुळा जरासा पुढे, शेजारच्या दातावर झुकलेला, जणू त्याला कानात काही सांगतोय. वरचे दात काढायची वेळ आली तेव्हा त्या एकट्या प्रयोगशाळेत आल्या, स्वतःच दार लावून घेतलं आणि म्हणाल्या की हे कुणाला कळता कामा नये, लेकीलासुद्धा नाही. जावयाने शब्द दिला. दात काढायच्या आधीच माप घेतलं. सुळ्याचा कल मोजला, तो सतरा अंश भरला. चहाचा पिवळसर डागही जुळवला. सासूबाई पंधरा दिवस ‘भावाकडे’ राहून आल्या. लेक एवढंच म्हणाली, मामाकडे तब्येत सुधारली हं तुझी.

शुक्रवारी आणखी एका फोटोला अकराच अंगठे आले आणि जावयाचा धीर सुटला. त्याने विचार केला, चेहरा नाही, नाव नाही, टेबलावर ठेवलेली नुसती कवळी. ओळखणार कोण? फोटोखाली त्याने सवयीने अचूक माहिती लिहिली. स्त्री, वय एकाहत्तर, डाव्या सुळ्याचा मूळ कल कायम ठेवला आहे, झोपेत दात खाण्याची सवय.

चार वाजता एकशे चाळीस अंगठे झाले होते, पाच वाजता तीनशे बारा. आलेखाचा कागद पुरेना, त्याला खाली दुसरा चिकटवावा लागला. तेवढ्यात कुणीतरी लिहिलं, ‘आमच्या उच्चाराच्या बाईंचा सुळा अगदी असाच.’

शहाण्या माणसाने इथे फोन बाजूला ठेवला असता. जावयाने उत्तर दिलं, असा कल हजारात दोघा-तिघांचा असतो, त्यामुळे हा निव्वळ योगायोग. पण बाईंचा एक विद्यार्थी आकडेमोडीच्याच नोकरीत होता. त्याने हजारात तीन धरले, त्यातून पुरुष वगळले, मग सत्तरीच्या आतले वगळले, मग उजव्या सुळ्याचे, आणि लिहिलं की आपल्या गावात हिशोबाने अशी एकच बाई उरते. दुसऱ्याने वर्गाचा जुना फोटो डकवला. बाईंच्या हसण्याभोवती लाल गोल काढलेला. तिसरीने विचारलं, ‘पण बाई तर पासष्टच्या ना?’

सहा वाजून सात मिनिटांनी त्याने फोटो काढून टाकला. लगेच कुणीतरी बाईंच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘काढला. म्हणजे बाईच.’

बायको फोन हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे आईचे दात आहेत."

"हो."

"तुझ्या टेबलावर काय करतायत?"

त्याने धंद्यातली गुप्तता समजावून सांगितली. तिने शांतपणे सगळं ऐकलं.

"म्हणजे चार महिने मला सांगितलं नाहीस, कारण ते गुपित होतं."

"हो."

"आणि आज सहाशे बारा लोकांना सांगितलंस."

आकडा बरोबर आहे का, हे त्याने मनात तपासलं. बरोबर होता. मग पहिल्यांदाच त्याचे कान तापले.

शनिवारी त्याला सगळ्यात जास्त काम पाठवणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला; सासूबाईंचे दातही त्यांनीच काढले होते. रुग्णाची परवानगी घेतली होतीत ना, एवढंच त्यांनी विचारलं. नसेल तर यापुढे मापं दुसरीकडे द्यावी लागतील. जावई म्हणाला की सोमवारपर्यंत लेखी आणून देतो. असं का म्हणालो, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. संध्याकाळी बायकोने भिंतीकडे बघत सांगितलं की आईने आजचा वर्ग घेतला नाही. आगाऊ न कळवता, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. ताटातलं चावताना सुद्धा लाज वाटत होती.

रविवारी सकाळी तो सासूबाईंकडे गेला. जिन्यात त्याने माफीची तीन वाक्यं पाठ केली होती. दार उघडलं आणि ती तिन्ही गेली. मग तो जे सुचेल ते बोलत राहिला; त्यात सतरा अंश दोनदा आले. सासूबाई तोंड मिटून ऐकत होत्या.

"मला न विचारता टाकलात कशासाठी?" त्यांनी शेवटी विचारलं.

जावयाने खरं उत्तर शोधलं. ते फार छोटं निघालं.

"अंगठ्यांसाठी, आई. एरवी अकराच यायचे."

तो फरशीकडे बघत राहिला. फरशीने दुभंगून आत घ्यावं म्हणतात ते काय असतं, हे त्याला आता नीट समजलं.

"काल वर्ग कुठून घेणार होते?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून एकेकाला उत्तर देत बसले होते."

मग त्यांनी सांगितलं. एकाने कळवलं होतं की त्याचेही पुढचे दोन दात खोटे आहेत, बायकोला माहीत नाही. एकीने लिहिलं होतं की लहानपणी ती आरशासमोर जिभेने दात पुढे ढकलून बाईंसारखं हसायची. सासूबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं होतं. दात माझेच, जावयाने केलेत, फोटो मीच टाकायला सांगितला. डॉक्टरांनी त्यांनाही फोन करून विचारलं होतं; त्यांनाही तेच कळवलं होतं, सहीनिशी.

"आणि माझं वय लिहिताना मात्र जावई चुकले, असं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तेवढं तुम्ही सोसा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ओरडा खाऊन माणूस मोकळा होतो. हे ओझं आता कुठे ठेवायचं, ते त्याला कळेना.

"पण काढलात कशाला?" सासूबाईंचा आवाज आता वर्गातला झाला. "टाकलात मला न विचारता, काढलात तेही न विचारता. काढलात म्हणून लोकांना वाटलं, काहीतरी लाजेची गोष्ट आहे. निस्तरलं मी. उद्या परत टाका."

सोमवारी दुपारी फोटो परत गेला, वयाशिवाय. बायकोने अंगठा दिला, पण बोलली नाही. संध्याकाळपर्यंत चौदा झाले. गुपित संपलं होतं; आता ती नुसतीच एक चांगली कवळी होती. तीन वाजता सासूबाईंचा फोन आला, मग चारला, मग पाचला.

"अजून चौदाच? मागे तर सहाशे होते. तुम्ही नीट टाकला नसणार."

मंगळवारी त्या स्वतःच प्रयोगशाळेत आल्या. फळीवरच्या जबड्यांकडे त्यांनी नाराजीने पाहिलं आणि स्टूल ओढून खिडकीपाशी बसल्या.

"टेबलावरच्या दातांत कोण काय बघणार? दात तोंडात बघायचे असतात," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

जावयाने फोन उचलला. बोट बटणाशी नेलं आणि तसंच थांबवलं.

"आई," तो म्हणाला, "फोटो घेऊ ना?"

हसू न मोडता सासूबाई म्हणाल्या, "आधी तो दिवा इकडे वळवा."