टिटवीची अंडी आणि सहा झाडू

नदीकाठच्या बागेत, पायवाटेला लागून असलेल्या खडीत टिटवीने चार अंडी घातली आणि बागेच्या निरीक्षकांची झोप उडाली. अंडी दिसायला हुबेहूब खडीसारखी. कुणाचा पाय पडला की संपलंच! सव्वीस वर्षांच्या नोकरीत टिटवी पहिल्यांदाच त्यांच्या बागेत राहायला आली होती. लेक घरी आल्यासारखा आनंद झाला होता त्यांना.

त्यांनी लगेच दोरी बांधली, पाटी लावली : ‘पुढे जाण्यास सक्त मनाई. कारण विचारू नये.’

झालं! रोज नाकासमोर चालणारी माणसं तिथे थबकू लागली.

“काय हो, मगर निघाली की काय?” रोज फिरायला येणाऱ्या आजोबांनी विचारलं.

“छे हो, काही नाही.”

“काही नाही, तर दोरी कशाला?”

संध्याकाळपर्यंत एका मगरीच्या दोन झाल्या. दुसऱ्या दिवशी लोक पोरांना खांद्यावर घेऊन हजर. टिटवी अंडी सोडून डोक्यावर कलकलाट करत फिरायला लागली. खाली उन्हात अंडी तापत राहिली.

“मनाई केलीत म्हणून आले,” घरी बायको म्हणाली. “आता बोलावून बघा.”

“बोलावू? डोकं फिरलंय का तुझं?”

“आपली गच्ची झाडायची म्हटलं की तुमचे तिन्ही भाऊ कुठे असतात?”

सकाळी दोरी गेली, नवी पाटी आली : ‘सर्वांचे स्वागत! पुढे श्रमदान सुरू आहे. येणाऱ्याने झाडू घ्यावा.’ शेजारी सहा कोरे झाडू.

आजोबांनी पाटी वाचली, झाडू पाहिले. “अरेच्चा, गॅसवर दूध राहिलं!” म्हणत ते आल्या पावली परत फिरले. वाट ओस पडली. टिटवी निवांत अंड्यांवर बसली आणि चौथ्या आठवड्यात चार पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे पळाली. निरीक्षकांचे डोळे भरून आले.

त्यांनी पाटी काढली, झाडू उचलले. पण लोक काही येईनात. तेवढ्यात मोठे साहेब पाहणीला आले.

“बाग लोकांसाठी ना? मग लोक कुठायत? सोमवारपर्यंत कुणी दिसलं नाही, तर इथे पार्किंग करून टाकू.”

साहेबांची गाडी वळली तशी निरीक्षकांनी शेडमधून दोरी काढली. पिल्लांपासून लांब, वाटेच्या दुसऱ्या टोकाला नुसतं गवत होतं, तिथे बांधली. जुनी मनाईची पाटी धूळ झटकून टांगली.

पाचच मिनिटांत मागून आवाज आला, “काय हो, परत मगर?”

निरीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

“कारण विचारू नका, आजोबा.”

आजोबांनी घाईघाईने खिशातून फोन काढला. “ऐक, सगळ्यांना घेऊन ये. हो, शेजाऱ्यांना पण!”