कोष्टीतळ्याच्या सनदेची हकीकत

श्री. आधी गजवदनास वंदन, मग शारदेस, आणि तिसरे वंदन नगराच्या मातीस, जी अवघ्यांस पोटात घेते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका नगरात जे वर्तमान जाहले ते लिहितो. नगराचे नाव पुसू नये, पुसून कोणाचे भले होणे नाही.

नगरात दफ्तरखाना थोर. पेठा कोणी वसविल्या, विहिरी कोणी खणल्या, पूर कोठवर चढला, ऐसे अवघे कागद रुमालांत बांधोन फडताळांत ठेविलेले, आणि त्यांचे राखणदार भिकाजीपंत दफ्तरदार. घराण्यात आजोबांपासून हेच काम आणि एकच शिस्त, की माणसाचा हात लागला म्हणजे कागद मेला, सबब रुमाल सोडणे नाही. कोणी वाचावयास आला तर पंत दारातच विचारीत, "काय अडले आहे तुमचे?" आणि तो बापडा आल्या पावली परत जाई. मात्र दसऱ्यास रुमालांची पूजा यथासांग होई. जुन्या फडक्यावर नवे तांबडे फडके गुंडाळीत, पाणी शिंपडीत, फुले वाहात, मुठीमुठीने अक्षता टाकीत, आणि मग नगराचे धनी श्रीमंत स्वतः येऊन हात जोडीत आणि "नगरीचा इतिहास सुखरूप आहे" ऐसे बोलोन पेढा खाऊन जात. पंतांचा ऊर भरून येई. त्यांचा जीव त्या रुमालांत होता, हे काही खोटे नव्हे.

ऐसे असता श्रीमंतांच्या मनी आले की कोष्टीपेठेतील तळे बुजवावे आणि तेथे मोटारगाड्यांचा तळ करावा. त्या तळ्यावर कोष्टी सूत भिजवीत आणि धूत, आणि त्यावरच त्यांच्या चुली पेटत. मग पेठेतली वडीलधारी सुंदराबाई कोष्टीण दरबारी गेली आणि म्हणाली, "तळं आमच्या वाडवडलांनी खणलंय, म्हाराज. पाणी आमचं, अशी सनद तुमच्याच गादीनं दिलीया. दफ्तरात हाय ती." श्रीमंत बोलिले, "सनद दाखवा, तळे तुमचे." तेव्हा पंत डौलाने पुढे जाहले आणि बोलिले, "कोष्टीपेठेचा रुमाल आमच्या आजोबांनी स्वहस्ते बांधला आहे. उदईक हजर करितो."

मग दुसरे दिवशी रुमाल सोडला, आणि आत सनद नव्हती, माती होती. अक्षतांवर किडे आले, पाण्याच्या ओलीने वाळवी आली, आणि वरचे नवे फडके तेवढे करकरीत राहिले. पंतांनी शेजारचा रुमाल सोडला, तीच गत. मग त्याच्या शेजारचा, तोही तैसाच.

पंतांनी दरबारी येऊन हे सांगितले. श्रीमंत मनाचे वाईट नव्हते. बोलिले, "गेली ती गेली. दफ्तरदाराचा शब्द आम्हांस सनदेच्या ठिकाणी. बेलभंडार उचलोन शपथेवर सांगा, सनदेत काय लिहिले होते. आम्ही मान्य करू." सुंदराबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "सांगा, पंत. तुमच्या दोन शब्दांवर पेठ जगंल." पंतांनी बेलभंडार हाती घेतला. बाई बोलली तेच पुन्हा बोलावे, इतकेच करणे होते, आणि दरबारात कोणी त्यांस खोटे पाडते ना. परंतु जन्मात असत्य बोलणे ठाऊक नाही, आणि हाती शपथ. पंतांनी बेलभंडार खाली ठेविला आणि बोलिले, "महाराज, ती मी कधी वाचिली नाही."

श्रीमंतांनी विचारिले, "तुमच्या तीर्थरूपांनी?"

"नाही."

"मग वाचिली कोणी?"

बाईने पदर खोचला आणि पेठेची वाट धरिली.

ऐसी ही हकीकत, थोडक्यात सांगणे ते ऐसे. पौषात तळे बुजविले आणि माघात कोष्टी पांगले. कोण कोठे गेले, हे कोणी लिहून ठेविले नाही.